वाघरीचं दुसरं टोक

पोट दुखलं तर ओवा आहे, हिंग आहे, नाक्यावरच्या मेडिकलात गोळी आहे. पण शेजाऱ्याचं कौतुक ऐकून जे पोट दुखतं, त्याच्यावर खंडेरावला अख्ख्या संभाजीनगरात औषध सापडलं नव्हतं. आणि दुखायची वेळही ठरलेली. सकाळी दुकानाचं मागचं दार उघडलं की समोर नाला, नाल्यावर आडवी बांधलेली जाळी, आणि जाळीपाशी गुडघाभर पाण्यात उभा त्रिंबक. काठावर कोण? तर खंडेरावची सख्खी बायको शालू, हातात घमेलं घेऊन.

"त्रिंबकभाऊ, डाव्या अंगाला बाटली अडकली बघा."

"दिसली, वहिनी."

बस, एवढंच बोलणं. पण ते 'त्रिंबकभाऊ' कानावर पडलं की खंडेरावच्या छातीत कुणीतरी काडी ओढल्यासारखं व्हायचं. एवढा संसार झाला, पण 'डाव्या अंगाला बघा' असं इतक्या मायेनं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

त्यात कहर असा, की जाळीचं एक टोक होतं पलीकडच्या बाभळीला, आणि दुसरं टोक खंडेरावच्या दुकानामागच्या लोखंडी खांबाला. खांब खंडेरावचा. लोखंड त्याचं, वेल्डिंग त्याचं, सिमेंट त्याचं. आणि बघायला येणारा जो तो म्हणायचा, "वा त्रिंबक, काय डोकं लावलं राव!" खांबाकडं कुत्रंसुद्धा बघायचं नाही. म्हणजे कुत्रं बघायचं, पण ते कशासाठी ते सांगायला नको.

खंडेरावचं दुकान फ्लेक्सचं. गल्लीत कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, कुणाच्या पोराला नोकरी लागो, बॅनर खंडेरावकडं. आणि त्याची एक खोड होती. प्रत्येक बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात 'शुभेच्छुक' म्हणून तो गुपचूप आपला गोल फोटो चिकटवायचा. गॉगल घातलेला. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "फुकट हाय, राहू द्या." असं करत करत हर्सूलपासून स्टेशनपर्यंत एक चौक उरला नव्हता जिथं खंडेराव गॉगल लावून हसत नव्हता. लोक त्याला रस्त्यात बघून थबकायचे. ओळखीचा वाटायचा, फक्त कोण ते आठवायचं नाही.

आता त्रिंबक. हा खुलताबादकडच्या डोंगराखालचा. घराण्यात मेंढरं. ती धाकट्या भावाकडं ठेवून तो बायकोला, राजाबाईला घेऊन शहरात आला आणि मंगल कार्यालयात वॉचमन झाला. येताना त्यानं एक परात, एक घोंगडी आणि एक वाघर आणली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची लांबलचक जाळी. शहरात तिचा काय उपयोग? माळ्यावर पडून होती बिचारी.

तर झालं असं. श्रावणात शालूच्या भाचीचा, सायलीचा, व्हिडिओ कॉल आला. सायली आंध्रात, गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथल्या एका मच्छीमार गावात कामाला. कासवं, मासे, खारफुटी, असलं काहीतरी जपायचं काम. शालू, राजाबाई आणि गल्लीतल्या चार बाया ओट्यावर फोनभोवती गोळा झाल्या होत्या. सायलीनं फोन फिरवला. उन्हानं रापलेली एक मच्छीमार बाई जाळं झाडत होती. जाळ्यात मासळी थोडी, कचरा फार. तिनं एक पिशवी सोडवून फोनसमोर धरली. मळकी, फाटकी, पण अक्षरं मराठी. 'धन्यवाद! पुन्हा या.'

बाया खो खो हसल्या. आणि मग पिशवी नीट बघायला फोनवर वाकल्या.

"आगं पण ही तिकडं गेली कशी?" शालूनं विचारलं.

"कशी म्हणजे काय मावशी? तुमच्या दुकानामागचा नाला जातो खाम नदीत. खाम जाते गोदावरीत. आन गोदावरी आमच्या दारात."

खंडेराव दुकानातून ऐकत होता. तो बाहेर आला. "काहीतरी सांगू नको गं. समुद्र मुंबईला हाय."

"तो दुसरा, काका."

खंडेरावला आयुष्यभर एकच समुद्र माहीत होता. हा दुसरा कुठून उपटला? पण हार मानेल तो खंडेराव कसला. "बरं, असंल. पण मधी नाथसागर हाय का नाय? एवढं थोरलं धरण! आपलं सगळं तिथंच अडकतं. ही पिशवी नांदेडची असंल. आपली कशावरून?"

"आन धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा?"

"तवा पुढच्यांनी बघावं की."

गल्लीनं माना डोलावल्या. मुद्दा लई जबरदस्त होता. त्रिंबक कोपऱ्यात उभा राहून नाल्याकडं बघत होता. आणि खंडेरावला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबक दारात. "खंडेराव, तुझा मागचा खांब मोकळाच हाय का?"

"व्हय. का रं?"

"दोरी बांधतो म्हणलं."

"बांध की! विचारतो काय?" खंडेराव दिलदारपणे म्हणाला. त्याला वाटलं, राजाबाईला गोधड्या वाळत घालायच्या असतील.

तो दारातून बघतो तर त्रिंबकनं माळ्यावरची वाघर काढलेली. दुमडून दुहेरी केली, म्हणजे भोकं बारीक झाली. खाली दगड बांधले आणि नाल्यावर आडवी ताणली. पाणी जात होतं, कचरा थांबत होता. संध्याकाळपर्यंत ढीग झाला. शालू पदर खोचून काठावर उतरली, आणि जाळीत सगळ्यात वर अडकलेलं मोठं लांब कापड तिनं ओढून उलगडलं. ते कापड नव्हतं. बॅनर होता. कोपऱ्यात गॉगल लावून खंडेराव हसत होता. दुसरा काढला, खंडेराव. तिसरा काढला, अर्धा फाटलेला, पण उरलेल्या अर्ध्यात बरोब्बर खंडेराव.

"अवं," शालू ओरडली, "तुमी तर समद्यांच्या आधीच समुद्राला निघाले व्हते!"

गल्ली हसून हसून लोळली. खालच्या वस्तीतला गादीवाला रशीदभाई पुलावर उभा होता. तो वरून म्हणाला, "क्या खंडेराव, बगैर टिकट के?"

तिथून खंडेरावचं दुखणं सुरू झालं.

पुढं ते वाढतच गेलं. पेपरात त्रिंबकचा फोटो आला. शाळेची पोरं रांगेनं बघून गेली. रशीदभाईनं आपल्या वस्तीत व्हॉलीबॉलची जुनी जाळी आडवी लावली. म्हणाला, "ऊपरवाले रोकते, तो हम भी रोकेंगे. जो तुमसे छूटेगा, हम पकडेंगे." त्याच्याही खाली कुणी मच्छरदाणी लावली म्हणे. नाला कसला, धुणं वाळत घालायची दोरीच झाली होती.

आणि प्रत्येकाच्या तोंडी त्रिंबक. खंडेराव चहाच्या टपरीवर सहज म्हणून बघायचा, "खांब मजबूत पायजे बरं का. खांब नसता तर जाळी काय हवेत राहिली असती?" लोक म्हणायचे, "व्हय व्हय. पण त्रिंबकचं डोकं बघा ना राव."

तेही त्यानं पचवलं असतं. पण शालूचं बघणं त्याला पचेना. दुकानात पहिल्यांदा मशीन आलं, त्यातून पहिला रंगीत बॅनर सरसर बाहेर आला, तेव्हा शालूनं खंडेरावकडं एका नजरेनं बघितलं होतं. आपला नवरा म्हणजे कुणीतरी आहे, असं. त्या नजरेवर खंडेराव इतकी वर्षं जगत आला होता. चौकाचौकात गॉगल लावून हसत होता तोसुद्धा त्याच नजरेसाठी. ती नजर आता नाल्यात वाकून फाटकी चप्पल उपसणाऱ्या त्रिंबकवर पडायची. फाटक्या चपलेवर!

दसऱ्याच्या सुमाराला सायलीचा निरोप आला. दिवाळीनंतर तिच्या गावात समुद्रकाठच्या लोकांचा मेळावा होता. नदीच्या वरच्या अंगाचं एक माणूस त्यांना बोलवायचं होतं, वर काय चाललंय ते सांगायला. या नाल्यावरून एकच.

"त्रिंबकभाऊच गेले पायजेत," शालू भाकरी वाढता वाढता म्हणाली. "बोलत नाय ते माणूस, पण करतंय."

खंडेरावचा घास गालातच राहिला. "आन बोलणाऱ्यानं काय करावं?"

"खावं," शालू म्हणाली आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

गल्लीनं ठरवलं, त्रिंबकचा बॅनर लावायचा. 'नदीरक्षक त्रिंबकभाऊ यांना समुद्रभेटीच्या हार्दिक शुभेच्छा.' ऑर्डर कुणाकडं? अर्थातच खंडेरावकडं. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या शाईनं, त्यानं त्रिंबकचं दाराएवढं थोबाड छापलं. दुकान सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच कोपऱ्यात गोल फोटो टाकला नाही. पहिली छपाई बिघडली. शाईचा काहीतरी घोळ झाला आणि त्रिंबक हिरवा आला, भोपळी मिरचीसारखा. खंडेरावला तोच जास्त आवडला, पण नाइलाजानं दुसरा छापला. दुसरा गेला शालूकडं. दुकानातली रीतच होती. छापायचं त्यानं, आणि बॅनरच्या कडांना दोरीसाठी पितळी रिंगा ठोकायच्या तिनं. तिची हातोडी लागल्याशिवाय एकही बॅनर दुकानाबाहेर पडत नव्हता. हिरवा त्रिंबक गुंडाळून कोपऱ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी शालू पाणी भरायला गेली आणि खंडेरावनं तो कोपऱ्यातला गुंडाळा काखेत मारला. जाळीच्या खालच्या अंगाला, झुडपाआड उतरला. बॅनर उलगडला, हिरव्या त्रिंबकच्या डोळ्यांत बघितलं.

"समुद्राला जायचंय ना? जा बाबा. तिकिटाची वाट कशाला बघतो?"

आणि सोडून दिला. त्रिंबक डुलत डुलत वळणाआड गेला. खंडेराव दिवसभर शीळ घालत होता. त्याचा हिशोब सरळ होता. खाली कुणाला तरी सापडणार, मग जाळी गळते म्हणून बोभाटा होणार, मग बघू कोण समुद्राला जातं.

चहाच्या वेळेला रशीदभाई आला. हातात ओला बॅनर, हसू आवरत नव्हतं. "त्रिंबकभाई, ये लो. तुम तो हमारी जाली में आ के अटके! ऊपर से निकल गए क्या?"

सगळे हसले. खंडेराव सगळ्यात मोठ्यानं. फक्त त्रिंबक हसला नाही. त्यानं बॅनर हातात धरला, जाळीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की हिरव्या बॅनरमधला बरा दिसायला लागला.

"माझ्या वाघरीतून गेला?" तो हळू म्हणाला. "म्हंजे भोक हाय कुठंतरी."

"असू द्या हो, भाई. हमने पकड लिया ना," रशीदभाई म्हणाला.

"तुमी पकडलं म्हणून काय झालं? माझ्या हद्दीतून गेलं ना."

तो तसाच पाण्यात उतरला आणि जाळी सोडली. बाभळीचं टोक सोडलं, खांबाचं टोक सोडलं. ओली, जड, चिखलानं काळीठिक्कर पडलेली वाघर खांद्यावर घेतली आणि पसरायला जागा पाहिजे म्हणून आणली कुठं? खंडेरावच्याच दुकानाच्या ओट्यावर. मांडी घालून बसला आणि एक एक गाठ बोटानं चाचपायला लागला.

शालूनं तो हिरवा बॅनर उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. चारी बाजूंनी फिरवला. मग तिनं खंडेरावकडं बघितलं. ही नजर वेगळीच होती. खंडेरावनं लगेच मशीनमधे डोकं घातलं. ती आत गेली, रिंगा ठोकायची हातोडी आणि पितळी रिंगांचा डबा आणला आणि त्याच्यासमोर आपटला.

"आजपासून रिंगा तुमी ठोकायच्या."

"का?"

"माझा हात दुखतोय."

मग काय विचारता. ओट्याच्या या टोकाला खंडेराव रिंगा ठोकतोय, त्या टोकाला त्रिंबक गाठी चाचपतोय. याची ठक ठक, त्याचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. दुसऱ्या दिवशीही तेच. ड्यूटीवरून आला की त्रिंबक ओट्यावर. वाघर एकदा सरली की पुन्हा पहिल्यापासून. राजाबाई येऊन म्हणाली, "आवो, मेंढरं व्हती तवाबी एवढं बघत नव्हता." त्रिंबक म्हणाला, "मेंढरू निसटलं तर आपल्याच रानात जायचं. हे कुठं जातंय बघितलं ना?"

आणि त्या दुपारी हर्सूलकडं जोराचा पाऊस झाला.

नाला फुगला. जाळी नव्हती. खंडेराव मागच्या दारात उभा राहून बघत होता. थर्माकोलच्या पत्रावळ्या गेल्या. तेलाच्या पिशव्या गेल्या. पावडरचे डबे, तुटका झाडू, सगळं वाजतगाजत चाललं होतं. आणि मधून मधून गोल गॉगल. एक खंडेराव गेला. मागून दुसरा. तिसरा उलटा होऊन पुन्हा सुलटा झाला आणि जाताना हसला. खंडेरावला त्या मच्छीमार बाईचं जाळं आठवलं. ती आता जाळं झाडील आणि त्यातून हा हसत बाहेर येईल. बाई सायलीला विचारील, हे कोण? आणि सायली काय सांगेल? माझे काका?

त्यानं मागचं दार लावलं आणि हातोडी घेऊन ओट्यावर येऊन बसला.

तेवढ्यात रशीदभाई भिजून चिंब, शिव्या घालत आला. "अरे क्या चल रहा है? मेरी व्हॉलीबॉल की जाली फट गई! तुम्हारा सब माल हमपे! बांधो ना यारों!"

"भोक सापडल्याबिगर बांधायचा नाय," त्रिंबक मान वर न करता म्हणाला. "फुटकी जाळी बांधून पुढच्यांना फसवू का?"

"आप ढूंढते रहो, उधर समुंदर भर जाएगा!"

"मला नाय जायाचं समुद्राला. कुणाच्या तोंडानं जाऊ?"

खंडेरावची हातोडी बोटावर बसली. त्याला हेच तर पाहिजे होतं! त्रिंबक स्वतःच्या तोंडानं म्हणाला, जात नाय. मग उड्या का मारवत नाहीत? उलट पोटातलं दुखणं आता दुसऱ्या बाजूनं दुखायला लागलं होतं. आणि शालू दारात उभी. त्रिंबककडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. याच्याकडं तर बघतच नव्हती.

तर खंडेरावनं विचार केला. खंडेरावनं विचार केला की काहीतरी इपरीत होतं हे गल्लीला माहीत होतं, पण तेव्हा त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. विचार असा, की ह्या माणसाला भोक पाहिजे. भोक सापडलं की तो गाठ मारील, जाळी बांधील, प्रकरण मिटलं. मग देऊन टाकू ना एक भोक! त्यात काय एवढं?

त्रिंबक जेवायला घरी गेला. खंडेरावनं इकडंतिकडं बघितलं, शर्टाच्या खिशातला फ्लेक्स कापायचा कटर काढला, आणि वाघरीच्या मधोमध एक दोरी कच्चकन कापली. कटर परत खिशात. हातोडी हातात. ठक ठक.

त्रिंबक आला, बसला, चाचपत चाचपत पुढं सरकला. खंडेराव श्वास धरून. आणि बोटं थांबली.

"सापडलं," त्रिंबक म्हणाला.

"सापडलं?" खंडेरावनं उडीच मारली. "बघ! मी म्हणत नव्हतो? रशीदभाई, या! शालू, सापडलं गं! चला, मारा गाठ, बांधा जाळी!"

सगळे धावत आले. पण त्रिंबक हलला नाही. त्यानं कापलेल्या दोरीची दोन टोकं दोन हातांत धरली आणि उजेडात केली. अख्खी वाघर चिखलानं काळी. आणि ती दोन टोकं कापल्याजागी आतून पांढरीशुभ्र.

"ही तर आत्ता कापलीय," तो म्हणाला.

रशीदभाईनं त्या भोकात हात घालून बघितला. "और ये देखो. हथेली जा रही, बस. बॅनर तो दरवाजे जित्ता था! इसमें से त्रिंबकभाई की मूछ भी नै निकलेगी."

हे खंडेरावच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता शालू पुढं आली. तिनं तो हिरवा बॅनर वाघरीवर अंथरला. "आन ह्याला एकबी रिंग न्हाई. माझ्या हातनं गेलेला बॅनर बिनरिंगेचा गेलाय कधी? हा कुठं लावलेलाच नव्हता. हा दुकानातनं सरळ नाल्यात गेला." आणि तिनं बोट उचललं. कुणाच्या तोंडाकडं नाही, सरळ शर्टाच्या खिशाकडं. खिशातून कटरचं पिवळं टोक बाहेर डोकावत होतं.

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. खंडेराव भडकला.

"खांब माझा हाय!" तो किंचाळला. "समदे आपले त्रिंबक, त्रिंबक, त्रिंबक! आन जाळी उभी कशावर व्हती? एकानं तरी विचारलं का त्या खांबाला, बाबा तू कुणाचा? पेपरवाल्यानं फोटो काढला, त्यात खांब कापला! अर्धा खांब कापला, मी मोजून सांगतो! ही घरची बाई, हिनं तरी म्हणावं का नाय, आमच्या ह्यांचा खांब?"

त्रिंबकनं वाघर मांडीवरून खाली ठेवली.

"खंडेराव, मी तुला इचारलं तवा तू लगेच बांध म्हणाला. मला वाटलं, ह्याला कळलंय मी काय करतोय. मी घरी जाऊन राजाबाईला म्हणलो, खंडेराव लई मोठ्या मनाचा हाय. इचार तिला."

राजाबाईनं मान हलवली. "म्हणले व्हते."

"मग तुला काय वाटलं व्हतं?" त्रिंबकनं विचारलं.

खंडेरावचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, गोधड्या वाळत घालायच्यात."

पहिल्यांदा शालूच फुटली. पदर तोंडाला लावून अशी हसली की डोळ्यांतलं पाणी वाहायला लागलं. मग रशीदभाई, मग राजाबाई. शेवटी त्रिंबकपण हसला, दोन दिवसांनी. खंडेराव एकटा उभा, लाल, आणि त्याला एवढं कळत होतं की शालू त्याच्यामुळं हसतेय. ती पाहिजे ती नजर नव्हती. पण रिंगांचा डबा समोर आपटण्यापेक्षा बरं होतं.

"बस खाली," त्रिंबक म्हणाला. "भोक तू पाडलं, गाठ तूच मारायची."

"मला नाय येत."

"येत नाय म्हणूनच बस."

मेंढक्यांची गाठ म्हणजे सोपं काम नाही. एक फेरा उलटा, एक आडवा, मग अंगठ्यानं दाबून ओढायचं. खंडेरावनं मारली, सुटली. पुन्हा मारली, बोट अडकलं. गल्ली फिरून फिरून बघून जात होती. शेवटी जमली, पण कसली? लिंबाएवढा गोळा. अख्ख्या वाघरीत दुरून ओळखू यावी अशी. त्रिंबकनं ओढून बघितली. "धरंल," म्हणाला.

जाळी बांधायला दोघं पाण्यात उतरले. खांबाचं टोक खंडेरावनं स्वतः बांधलं. रशीदभाईनं पुलावरून फोटो काढला आणि ओरडून सांगितलं, "खंडेराव, देख लो, खंबा पूरा आया है!"

राहिला समुद्राचा प्रश्न. ओट्यावर बैठक झाली. त्रिंबक म्हणाला, "मला गाडी लागती. आन तिथं माणसांपुढं उभं केलं तर मी पुन्हा हिरवा पडंन. मी नाय जात."

खंडेरावनं शर्टाची कॉलर सरळ केली. "नाय, म्हंजे, कुणीच जात नसंल तर आपली तयारी..."

"वहिनींना पाठवा," त्रिंबक म्हणाला. "ती पिशवी बघून गप बसल्या नाहीत त्या. घमेलं रोज त्यांनीच उचललं. सोबतीला राजाबाई जाईल."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. कॉलर पुन्हा वाकडी झाली. म्हणजे आता सख्ख्या बायकोवर जळायचं? खंडेरावला वाटलं, हे दुखणं एका जन्मात बरं होणारं नाही.

जाताना शालूनं स्टेशनवर हुकूम सोडला. "आपल्या दुकानातनं गेलेला बॅनर लोकांचा नाय. तो उतरवून परत आणायचा, ते काम आपलं. परत येईन तवा चौकात एकबी गॉगल दिसता कामा नाय." गाडी हलली आणि खंडेरावनं कपाळ धरलं. पण दुसऱ्या दिवसापासून स्कूटरला शिडी बांधून तो चौकाचौकात स्वतःला उतरवत फिरायला लागला. सकाळी त्रिंबकबरोबर जाळी, दुपारी शिडी. काही चौकांत लोकांनी त्याला ओळखलं, फक्त कोण ते आठवलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी फोन आला. दोघं नाल्याच्या कठड्यावर चहा घेऊन बसले होते. पडद्यावर शालू, मागं राजाबाई, आणि त्यांच्या मागं नुसतं पाणी. संपतच नव्हतं. हा समुद्र काही मुंबईच्या समुद्राला भिणारा वाटत नव्हता.

"अवं, ही बघा नूकम्मा!" शालूनं फोन फिरवला. पिशवीवाली ती मच्छीमार बाई जाळं विणत बसली होती. "हिची बोटं बघा! डोळे मिटून गाठी मारती. तिला मराठी येत न्हाई, मला तेलुगू येत न्हाई, पण सगळं कळतंय. लई म्हंजे लई हुशार बाई. नूकम्मानं काठावरची कासवाची अंडी दाखवली. नूकम्मा म्हणती, वरचं पाणी साफ आलं की तिच्या जाळ्याला वजन कमी. नूकम्मा..."

मागून राजाबाई म्हणाली, "आमच्या ह्यांनी सात जन्म मेंढरं राखली तरी असली गाठ यायाची न्हाई बाई!"

खंडेरावनं शेजारी बघितलं. त्रिंबकचा चेहरा. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, चहाचा ग्लास अर्ध्यात थांबलेला. खंडेरावला तो चेहरा चांगला ओळखीचा होता. रोज आरशात बघितला होता. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की विचारू नका. तो सरकून जवळ बसला.

"दुखतंय का?"

"काय?"

"पोट."

त्रिंबकनं ग्लास खाली ठेवला. "थोडं."

"ओव्यानं जात नाय ते," खंडेराव म्हणाला आणि टपरीकडं बघून आणखी दोन चहा सांगितले.

"गाठ टिकली का तुमची?" फोनमधून शालू ओरडली.

खंडेरावनं फोन जाळीकडं केला. लिंबाएवढ्या गाठीला काहीतरी लटकत होतं. फोन त्रिंबककडं देऊन तो चपला काढून पाण्यात उतरला, ते सोडवलं आणि झटकून फोनसमोर धरलं. दूधपिशवीएवढी मळकी पिशवी. 'धन्यवाद! पुन्हा या.'

तिकडं नूकम्मानं विणणं थांबवलं. फोनच्या जवळ आली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण पिशवी ओळखू आली असणार, कारण ती हसली आणि शालूच्या पाठीवर थाप मारली. आणि शालूनं बघितलं. तीच नजर. मशीनमधून पहिला बॅनर निघाला तेव्हाची. आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. पडद्यावर ती नजर तशीच थिजून राहिली.

खंडेराव वर आला आणि दोघं फोनवर वाकले.

"माझ्याकडं बघत व्हती," खंडेराव म्हणाला.

"जाळीकडं," त्रिंबक म्हणाला.

"खांबाकडं."